फेअरिंग फुटलं? फेकायच्या आधी उलटं करून बघा

आजचा भाग फेअरिंगवर. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा गॅरेजमध्ये उभं राहून पटकन बघायचंय, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आर१५, आरसी २००, आरएस २००, अपाचे आरआर ३१० किंवा जुनी करिझ्मा, यातलं काहीही चालवत असाल तर हे दुखणं तुम्हाला माहीत आहे. साधी गाडी उभ्याउभ्या पडली तर लिव्हर वाकतो, फार तर इंडिकेटर जातो. फेअरिंगवाली गाडी तशीच पडली की एस्टिमेटचा कागद दोन पानी होतो. गाडीचा हप्ता चालू असतो, त्याच गाडीवर कॉलेज असतं, कुणाची संध्याकाळची डिलिव्हरी असते. मग एकतर माणूस कर्ज काढतो, नाहीतर चिकटपट्टी गुंडाळून तसाच हायवेला जातो. दोन्ही नको.

आजचा मुद्दा एकच आहे. मी आजवर हातात घेतलेल्या बहुतेक 'फुटलेल्या' पॅनलमध्ये पॅनल गेलेलं नव्हतं, त्याचं लॉक गेलं होतं. समोरून ओरखडा दिसतो म्हणून आपण घाबरतो. खरा निर्णय मागच्या बाजूला असतो.

आधी गाडी बघा, मग दिखावा

गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. कुठे पॅनलला अडतंय का? क्लच किंवा थ्रॉटलची केबल ताणली जातेय का? खाली रेडिएटरमधून रंगीत पाणी टपकतंय का? यातलं काही असेल तर प्लॅस्टिकचा विषय बाजूला ठेवा, आधी मेकॅनिक.

दुसरं, हेडलाइटच्या मागचा लोखंडी स्टे बघा. सगळं पुढचं फेअरिंग त्याच्यावर टांगलेलं असतं. तो वाकला असेल तर कोरं करकरीत पॅनल आणलं तरी भोकं जुळणार नाहीत. आणि जबरदस्तीने बोल्ट आवळला की नवं पॅनलही महिन्याभरात तडकतं. स्टे थोडाच वाकला असेल तर सरळ करता येतो, आणि ते काम पॅनलच्या किमतीपुढे स्वस्त पडतं.

हात लावायच्या आधी इन्शुरन्सचा हिशोब

आधी फोटो काढा. क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअरने गाडी बघेपर्यंत काही खोलायचं नाही.

फक्त थर्ड पार्टी असेल तर आपल्या फेअरिंगचा एक रुपयाही मिळत नाही. २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, म्हणून बरेच जण म्हणतात, 'माझा आहे की पाच वर्षांचा!' पण त्यातला ओन डॅमेजचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. तारीख तपासा.

ओन डॅमेज चालू असेल तरी साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी महिन्याभराची असली तरी. झिरो डेप घेतलं असेल तर हा घसारा लागत नाही. शिवाय १०० रुपये सक्तीने आपल्या खिशातून.

आता गणित मांडू. समजा प्लॅस्टिकचं बिल ८००० आणि मजुरी १०००. साध्या पॉलिसीत तुम्हाला मिळतील ४००० अधिक १०००, वजा १००, म्हणजे ४९००. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. समजा तुम्ही ३५ वर आहात आणि ओन डॅमेजचा प्रीमियम २००० आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५, मग ५०. केला तर शून्य, मग २०, २५, ३५, ४५. प्रीमियम तेवढाच राहिला असं धरलं, तर पाच वर्षांतला फरक जोडल्यावर २४०० रुपये होतात. ४९०० मिळवायला २४०० गेले, म्हणजे क्लेम परवडला.

पण नुकसान फक्त २००० चं प्लॅस्टिक असेल तर? मिळणार ९००, जाणार २४००. अशा वेळी क्लेम नको, पुढचा भाग वाचा.

उलटं करा आणि वाचा

गॅरेजमध्ये सगळ्याच पॅनलला 'फायबर' म्हणतात. खरं फायबर, म्हणजे ग्लास फायबर, रेसिंगच्या किंवा बाहेर बनवलेल्या किटमध्ये सापडतं. कंपनीचं पॅनल साधारणपणे एबीएस नाहीतर पीपी प्लॅस्टिकचं असतं. पॅनलच्या आतल्या बाजूला ही अक्षरं इंग्रजीत छापलेली असतात. टॉर्च मारून शोधा.

अक्षरं नसतील तर तुटलेला छोटा तुकडा धुऊन पाण्यात टाका. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. आणखी खात्री हवी असेल तर आतल्या बाजूला ॲसिटोनचा एक थेंब लावा. एबीएस मऊ, चिकट होतं. पीपीला काही होत नाही.

एवढं का करायचं? कारण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. 'भाऊ, लावून देतो ना फेव्हिक्विक' असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. तो सांधा कडक आणि ठिसूळ होतो, आणि फेअरिंगला तर दिवसभर कंप सोसायचा असतो.

एबीएसची चीर कशी सांधायची

पॅनल भांड्याच्या साबणाने धुवा. पेट्रोलने पुसू नका, एबीएसला पेट्रोल मानवत नाही.

दुधाच्या पिशवीला छोटी चीर पडली की ती पुढे पुढे सरकत जाते ना, तसंच इथेही होतं. सगळा ताण चिरेच्या टोकावर येतो. म्हणून चीर जिथे संपते तिथे २ ते ३ मिलिमीटरचं गोल भोक पाडा. ताण गोलाईवर पसरतो आणि चीर थांबते.

मग समोरून मास्किंग टेप लावून दोन्ही कडा जुळवून घ्या. काम मागूनच करायचं. चिरेवर कटरने इंग्रजी व्ही आकाराची खाच करा, मसाला आत बसायला.

मसाला घरी होतो. त्याच पॅनलचे निरुपयोगी तुकडे किंवा दुसरं कुठलंही एबीएस बारीक करा, काचेच्या बाटलीत टाका, बुडेल इतकं ॲसिटोन घाला आणि काही तास ठेवा. काकवीसारखं दाट झालं की तयार. लेगोचे ठोकळेही एबीएसचेच असतात, पण धाकट्या भावाला विचारून घ्या! हा मसाला पातळ थरांत भरा, एकदम ओतू नका, नाहीतर पॅनलच मऊ पडून वाकतं. मग किमान एक दिवस हात लावायचा नाही. यात चिकटवणं नसतं. दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक विरघळून एकमेकांत मिसळतं, आणि ॲसिटोन उडून गेलं की एकजीव होतं.

लांब चीर असेल तर मागून जाळी बसवा. मी जुन्या चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी कापून वापरतो. सोल्डरिंग आयर्नने ती अर्ध्या जाडीपर्यंत प्लॅस्टिकमध्ये दाबायची आणि वरून वितळलेलं एबीएस फिरवायचं. काळा धूर आला म्हणजे प्लॅस्टिक जळतंय. टोक एका जागी ठेवू नका.

दोन गोष्टी मात्र गांभीर्याने घ्या. ॲसिटोन भयंकर पेट घेतं, म्हणून ॲसिटोन आणि तापलेलं आयर्न एका वेळी एका खोलीत नको. आणि हे सगळं गॅलरीत किंवा अंगणात, बेडरूममध्ये नाही. तो धूर छातीत घ्यायचा नसतो.

लॉक तुटलं असेल तर

गाडी पडली तिथे खाली बघा, तुटलेला कान सापडला तर खिशात टाका. तोच मूळ जागी बसवणं सगळ्यात सोपं. हरवला असेल तर तेवढ्याच जाडीचा एबीएसचा तुकडा कापा, पॅनल आणि तुकडा दोन्हीत शिरेल अशी यू आकाराची स्टीलची तार गरम करून आत दाबा आणि वरून मसाला भरा. भोक शेवटी पाडा, पॅनल गाडीवर धरून खूण केल्यावर.

बसवताना रबरी ग्रोमेट आणि वॉशर नवीन घ्या. कंप तेच शोषतात. अनेक लॉक अपघाताने तुटत नाहीत, सर्व्हिसिंगच्या वेळी रबर हरवल्यामुळे तुटतात. सगळे बोल्ट आधी बोटाने लावायचे, पॅनल बसलं की मग हळूहळू आवळायचे. प्लॅस्टिकवर जोर दाखवायचा नसतो.

पीपी असेल तर

काळे, रंग न दिलेले खालचे भाग बऱ्याचदा पीपीचे असतात. त्याला डिंक धरत नाही. पीपीच्याच काडीने वेल्डिंग करावं लागतं. यासाठी बाइकवाल्यापेक्षा कारचे बंपर वेल्ड करणारा कारागीर शोधा, कारण कारचे बंपर साधारण याच जातीचे असतात आणि त्याचा हात बसलेला असतो.

रंग

सांधा आधी १८०-२४० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ४०० ने घासा. खळगे पुट्टीने भरा, पेंटर लोक तिला लांबी म्हणतात. ती प्लॅस्टिकवर चालणारी घ्या. मग प्रायमर, ६०० ते ८०० चा वॉटर पेपर, रंग आणि क्लिअर कोट. हार्डनर मिसळायचा क्लिअर असेल तर कापडी मास्क पुरत नाही, ते पेंटरकडून करून घ्या. ओरखडेच असतील तर तेवढ्याच पॅनलला व्हिनाइल रॅप लावणं पुष्कळदा स्वस्त पडतं. अख्ख्या गाडीचा रंग बदलणार असाल तर लक्षात ठेवा, रंग आरसीवर नोंदलेला असतो. आरटीओत नोंद करावी लागते.

बदलायचंच असेल तर

तुकडे खूप झाले असतील, हरवले असतील किंवा बरीच लॉक एकदम गेली असतील, तर बदलणं बरं. पण 'पूर्ण साइड' मागू नका. एक बाजू अनेक तुकड्यांची असते. पार्ट नंबर काढून फुटलाय तोच तुकडा मागा.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, इथे जुना माल मिळतो. तिथे चमक बघू नका, उलटं करून लॉक मोजा. चमक पेंटर देईल, लॉक देणार नाही. मॉडेल नीट सांगा, २०१८ च्या आर१५ व्ही३ चं पॅनल २०२१ च्या व्ही४ ला बसत नाही. आणि बिल घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. चार पैसे वाचवायला पोलीस स्टेशन कशाला?

काम झालं की पुन्हा हँडल दोन्ही बाजूंना फिरवा, पन्नासेक किलोमीटर गावातच चालवा आणि सगळे बोल्ट परत तपासा. मगच घाट.

तुमच्या गाडीच्या पॅनलवर कुठली अक्षरं सापडली, ते फोटोसकट पाठवा. पुढच्या भागात रेडिएटरबद्दल बोलू. तोवर सावकाश चालवा, हेल्मेटचा पट्टा लावून!