अंडाशयं काढल्यानंतरचं पहिलं वर्ष
(बाईचं आरोग्य : लेखांक ६)

गर्भाशय कधी काढावं लागतं आणि कधी काढायची काही गरज नसते, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. या वेळी ऑपरेशन होऊन गेलेल्या बाईविषयी लिहायचं आहे. घरी आल्यावर तिच्या शरीरात काय चालतं, हे तिला बहुतेकदा कुणीच सांगत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीची लगबग सुरू होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून टोळ्या येतात. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे दर सहा बायांमागे एकीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हेच प्रमाण देशभरात शंभरात तीनच्या आसपास आहे. पाळीच्या दिवसांत फडात खाडा झाला तर दंड, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची घाई, त्यात अंगावरून जाणं आणि ‘कॅन्सर होईल’ ही कुणीतरी घातलेली भीती, या सगळ्यातून हे घडलं. त्या आकड्याची चर्चा खूप झाली. पण त्या बाया आज काय सोसत आहेत, याबद्दल फार थोडं बोललं गेलं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ‘पिशवी काढली’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. घरातलं डिस्चार्ज कार्ड काढून बघा. नुसतं ‘टीएएच’ लिहिलं असेल तर पोटातून गर्भाशय काढलं आहे. पुढे ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. पहिल्या प्रकारात पाळी थांबते, पण अंडाशयं काम करत राहतात. रजोनिवृत्ती मात्र एरवीपेक्षा थोडी लवकर येऊ शकते. दुसऱ्या प्रकारात रजोनिवृत्ती ऑपरेशनच्या टेबलावरच येते. नैसर्गिकरीत्या इस्ट्रोजेन काही वर्षांत हळूहळू उतरतं, इथे ते काही दिवसांत कोसळतं. त्याच्याबरोबर टेस्टोस्टेरॉनही जवळपास निम्म्यावर येतं.

मग रात्री घामाने पातळ भिजतं, कानशिलं तापतात, छाती धडधडते. घरचे म्हणतात उष्णता झाली, आणि सब्जा नाही तर धण्याचं पाणी देतात. झोप तुटते, त्यामुळे चिडचिड होते, कारण नसताना रडू येतं. लघवीला वारंवार जळजळ होते. त्यावर प्रत्येक वेळी अँटिबायोटिकचा कोर्स दिला जातो, पण खरं कारण अनेकदा योनिमार्गाचा कोरडेपणा असतो. नवऱ्याजवळ जाणं दुखरं होतं आणि ते कुणाला सांगता येत नाही. हाडांची झीज तर दिसतही नाही. ती पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात वेगाने होते. पस्तिशीतल्या बाईला हे सगळं ‘वयाचं’ म्हणून सोसायला लावणं हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

यावरचा उपचार म्हणजे हार्मोन्स बाहेरून देणं. गर्भाशय नसल्याने साधारणपणे एकटं इस्ट्रोजेन पुरतं. प्रोजेस्टेरॉन लागतं ते गर्भाशयाच्या अस्तराच्या संरक्षणासाठी. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) फार पसरलेला असेल तर मात्र डॉक्टर वेगळा विचार करतात. कमी वयात अंडाशयं गेली असतील आणि इस्ट्रोजेन घेण्यास मनाई नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत ते घ्यावं, अशी जगभरच्या तज्ज्ञ संस्थांची शिफारस आहे. शरीर जे स्वतः बनवत होतं तेच तिला परत दिलं जातं, त्यात कसलीही चैन नाही.

लोकांच्या मनात भीती आहे ती कॅन्सरची. तिचं मूळ २००२ मधल्या अमेरिकन ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ अभ्यासात आहे. त्यातल्या बायांचं सरासरी वय ६३ होतं, आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला तो इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (कृत्रिम प्रोजेस्टेरॉन) एकत्र घेणाऱ्यांत. गर्भाशय नसलेल्या आणि एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात तो वाढला नाही. मेंदूच्या झटक्याचा धोका मात्र त्या गटातही वाढला. साठी ओलांडलेल्या बायांचा हा हिशेब पस्तिशीतल्या बाईला जसाच्या तसा लावता येत नाही. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या, यकृताचा आजार चालू असलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत.

आता हे औषध अंगी रुळण्याबद्दल. गोळी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी घाम थांबला, असं होत नाही. अंगातल्या गरम वाफा कमी व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक कळायला तीन महिने. सुरुवातीला स्तन दुखतात, मळमळतं, डोकं धरतं. हे बहुधा ओसरतं. याच टप्प्यावर कितीतरी बाया गोळी सोडून देतात. तरुण बाईला मोठ्या वयाच्या बाईपेक्षा जास्त मात्रा लागू शकते, म्हणून पहिली मात्रा पुरली नाही तर औषधच चुकलं असं समजू नये. तीन महिन्यांनी परत जाऊन मात्रा जुळवून घ्यावी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तोंडावाटे इस्ट्रोजेन घेतल्यावर थायरॉइडची मात्रा वाढवावी लागू शकते, त्यासाठी दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं.

रक्तात गुठळी होण्याचा धोका असलेल्यांना त्वचेवाटे दिलेलं इस्ट्रोजेन, म्हणजे पॅच किंवा जेल, जास्त सुरक्षित. पण पहाटेपासून फडात घाम गाळणाऱ्या बाईच्या अंगावर पॅच टिकणं कठीण. तिला जेल सोयीचं. रात्री हात धुऊन मांडीवर किंवा दंडावर लावायचं, वाळू द्यायचं, आणि तोवर लहान लेकराला तिथे अंग लावू द्यायचं नाही. कोरडेपणासाठी योनिमार्गात लावायचं क्रीम वेगळं मिळतं. ते रक्तात फार थोडं उतरतं.

सगळ्यात मोठी अडचण औषध चालू ठेवण्याची आहे. ऑपरेशन बीडकडे, सहा महिने कारखान्याकडच्या कोप्यात (झोपड्यांत), परत गावी, आणि दर वेळी नवा डॉक्टर. म्हणून डिस्चार्ज कार्ड, काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल आणि चालू चिठ्ठी, तिन्हींचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. कागद ओला होतो, हरवतो. कारखान्यांनी हंगामात स्त्रीरोगतज्ज्ञांची फेरी ठेवली तर ती नुसत्या रक्तदाब तपासणीपेक्षा कितीतरी मोलाची ठरेल. बिद्रीतली किंवा मुदाळतिट्ट्याकडची बाई कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जाऊ शकते. टोळीतल्या बाईला तिथवर जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, हे कारखान्याच्या संचालकांनी आणि मुकादमांनी लक्षात घ्यावं.

५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. त्यामुळे पुढच्या बाया वाचतील. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं, त्यांनी या आठवड्यात डिस्चार्ज कार्ड शोधावं आणि ‘बीएसओ’ दिसलं, वय पंचेचाळीसच्या आत असलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना थेट विचारावं : मला इस्ट्रोजेन का दिलेलं नाही?

(पुढच्या आठवड्यात : हाडांची घनता, नाचणी आणि ड जीवनसत्त्व)