विश्वास घरातला – भाग ७ : टिळकांची पाच वर्षं

घरात एकटंच माणूस ख्रिस्ती असेल तर त्याने रविवारची उपासना कशी सांभाळायची, हे मागच्या भागात पाहिलं. त्यावर अमरावती-अकोल्याकडून जी विचारणा झाली तिचा सूर बहुतेक एकच होता. नवऱ्यासाठी, आईसाठी, थोरल्या भावासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना चालू आहे, उपासही धरून झाले, पण घरात कोणी तसूभर हलत नाही. मग आमचं चुकतंय कुठे?

उत्तरासाठी मराठी ख्रिस्ती माणसाने फार लांब जायला नको. कवी नारायण वामन टिळकांचं घर आहे.

टिळक तेव्हा नागपुरात होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा दत्तू चारेक वर्षांचा. टिळक बायकोला विश्वासात न घेता गेले. कळलं तेव्हा त्या माउलीवर आभाळ कोसळलं. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ते सगळं लिहून ठेवलंय, आणि दुःखाच्या त्या पानांतही त्यांचा मिस्कीलपणा लपत नाही, हे त्यांचं मोठेपण.

इथे एक स्पष्ट बोलतो. आपल्या मंडळ्यांत टिळकांची गोष्ट सांगताना हा भाग घाईघाईने उरकतात. पण टिळकांनी लक्ष्मीबाईंवर अन्यायच केला. विश्वास खरा असला म्हणून तो घरात आणण्याची रीतही आपोआप बरोबर ठरत नाही. आज कुणी घरच्यांपासून चोरून बाप्तिस्मा घेतो आणि मग महिनोन्महिने खोटं बोलत राहतो, तेव्हा घरच्यांच्या मनात ख्रिस्ताविषयी पहिली आठवण राहते ती फसवणुकीची. जिथे जिवाची भीती आहे तिथली गोष्ट वेगळी. नुसती कटकट टाळायची म्हणून लपवणं वेगळं.

मात्र त्यानंतर टिळकांनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. सरकारने १८६६ साली एक कायदा केला होता. धर्म बदलला म्हणून नवरा किंवा बायको सहा महिने नांदायला येत नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टात जाता येई. कोर्ट आणखी एक वर्षाची मुदत देई आणि तरीही जोडीदार आला नाही तर लग्न मोडता येई. टिळकांनी त्या वाटेला पाऊल टाकलं नाही. लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या, टिळक त्यांना पत्रं लिहीत राहिले. पुढे त्या नगर जिल्ह्यात त्यांच्याकडे राहायला आल्या, त्याही आपलं सोवळंओवळं आणि पाण्याची शिवाशिव सांभाळूनच. टिळकांनी ते सांभाळू दिलं. जात माणसानेच केली, हा उलगडा लक्ष्मीबाईंना त्यांचा त्यांनाच झाला, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. मधे पाच वर्षं गेली. ज्या बाईच्या वडिलांचं सोवळं घरादाराला जाच करण्याइतकं कडक होतं, तिच्यासाठी पाच वर्षं म्हणजे फारच झटपट, असं मला वाटतं.

त्या काळात असं घर विरळाच होतं. ख्रिस्ती झालेला माणूस घराबाहेर काढला जाई, मिशनच्या आवारात त्याला आसरा मिळे, तिथेच काम, शाळा, लग्न. आपल्या वऱ्हाडात अलायन्स मिशनने वसवलेल्या मंडळ्यांतल्या जुन्या माणसांना आवाराचा तो अर्थ अजून ठाऊक आहे. आवाराने माणसं वाचवली, यात शंका नाही. पण एक कला मात्र आपल्याकडे वाढली नाही: एकाच चुलीवर जेवायचं, एकाच मोरीत भांडी घासायची आणि तरी आपला विश्वास जपायचा. आज घरात एकटीच विश्वास ठेवणारी सून आवारात जात नाही. ती त्याच घरात राहते. तिला सांगायला मंडळीकडे दोनच वाक्यं असतात: प्रार्थना करा, साक्ष द्या.

साक्ष म्हणजे काय, हे अकोल्याच्या एका घरात महालक्ष्म्यांच्या दिवशी बघायला मिळालं. सून पहाटेपासून चुलीपाशी. पुरण तिनेच वाटलं, आंबील तिनेच ढवळली, सोळा भाज्या तिनेच निवडल्या. महालक्ष्म्यांसमोर मात्र ती मागे उभी राहिली. सासूने सगळ्यांसमोर विचारलं, “काऊन वं, हात नाई जोडत?” ती म्हणाली, “आत्याबाई, सैपाक सारा मी करतो. हात तेवढे नाई जोडत.” क्षणभर सगळे गप्प. मग म्हातारी म्हणाली, “मंग तुह्या देवाले सांग, माह्या गुडघ्याचं पाह्य म्हना.” बायका हसल्या आणि पंगत बसली.

काही पाळकसाहेबांना हे चालणार नाही. नैवेद्याचं पुरण वाटायचंच कशाला, असं ते म्हणतील, आणि पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातले मूर्तीच्या नैवेद्याविषयीचे अध्याय काढून दाखवतील. ते अध्याय गंभीर आहेत, सोपे नाहीत. पण जुन्या करारातला नामानही वाचावा. कोड बरं झाल्यावर हा अरामी सेनापती अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की यापुढे मी परमेश्वराखेरीज कुणाला यज्ञ करणार नाही. पण माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अलीशाने त्याला झापलं नाही, निश्चिंत मनाने जायला सांगितलं. सासूला रिक्षातून अंबादेवीला नेऊन आणणाऱ्या सुनेला मी नामानाचीच गोष्ट सांगेन. देवळाच्या पायरीवर चपला सांभाळत बसल्याने कुणाचा विश्वास बुडत नाही.

सासूवरून मोनिका आठवते, संत ऑगस्टीनची आई. मुलासाठी तिने गाळलेल्या अश्रूंवर आपल्याकडे पुष्कळ प्रवचनं होतात, पण तिच्या सासूविषयी कुणी बोलत नाही. मुलाने लिहून ठेवलंय की दासींनी कान भरल्यामुळे सासू सुरुवातीला मोनिकेवर रुष्ट होती. मोनिकेने सेवा आणि सोशिकपणाने तिला इतकं जिंकलं की पुढे तीच सुनेच्या बाजूने उभी राहिली. नवरा पॅट्रिशियस तापट. तो रागात असताना ती तोंड उघडत नसे. शांत झाला की आपलं म्हणणं मांडत असे. तो आयुष्याच्या शेवटी शेवटी ख्रिस्ती झाला. मुलाचा बाप्तिस्मा ३८७ साली मिलानमध्ये झाला, आणि त्याच वर्षी ती गेली. मात्र हिच्या उदाहरणावरून कुणी मार खाणाऱ्या बाईला ‘सोसत राहा, प्रार्थना कर’ असं सांगू नये. सोशिकपणाचा सल्ला देण्याआधी घरात काय चाललंय ते विचारावं.

आता प्रार्थनेकडे. तिचा वापर टोमण्यासारखा होतो, हे आपण कबूल करत नाही. नवरा जेवायला बसला की ‘प्रभू, याचे डोळे उघड’ असं मोठ्याने म्हणणं ही प्रार्थना त्याच्या कानांसाठी असते. पेत्राचं पहिलं पत्र विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्यांबद्दल सांगतं ते नेमकं याच्या उलट: शब्दावाचून, वागण्याने. म्हणून अशा माणसाचं नाव एकांतात घ्यावं आणि त्याच्या गरजेसकट घ्यावं. सोयाबीनचा भाव पडलाय, लेकीचं लग्न जमत नाही, साखर वाढलीय, हे सगळं त्यात यावं. ज्याच्या गुडघ्यासाठी आपण कधी देवाकडे गेलो नाही, त्याच्या तारणाची कळकळ आपल्याला आहे, हे घरच्यांना पटणार कसं? आणि प्रार्थनेनंतर दवाखान्यात नंबर लावायलाही आपणच जावं.

हमी मात्र मागू नये. जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नका, हे पौल ठामपणे सांगतो. पण तुझ्यामुळे त्याचं तारण होईल का, हे तो प्रश्न म्हणूनच ठेवतो. हो म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर येशूचे भाऊही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असं लिहिलंय. पुढे त्यांतलाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला. तेव्हा ‘आमचं काय चुकतंय’ या प्रश्नाला ‘कदाचित काहीच नाही’ हेही उत्तर असू शकतं.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मिशनच्या शिस्तीत हे बसणारं नव्हतं. बायकोची पाच वर्षं वाट पाहिलेल्या माणसालाच ते सुचलं असावं, असा माझा आपला तर्क.

पुढच्या भागात याहून अवघड प्रसंग घेऊ: अशा घरात मरण येतं तेव्हा अग्नी कोणी द्यायचा, तेरवीला बसायचं की नाही, आणि पाळकांना कधी बोलवायचं.