चेहरा तिचा, आवाज कुणाचा?

रात्री दिवे घालवून बघायला एखादा झक्कास भुताचा सिनेमा हवाय? मग मारिओ बाव्हाचा 'ब्लॅक संडे' लावा. साल १९६०, सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट. खिळ्यांचा मुखवटा ठोकून मारलेली एक चेटकीण थडग्यातून उठते. गालांवर भोकं, आणि डोळे? बाप रे! त्या डोळ्यांनीच बार्बरा स्टीलला इटलीची हॉरर क्वीन करून टाकलं.

आणि गंमत म्हणजे ही बाई इटालियन नव्हेच. जन्म १९३७चा, इंग्लंडमधल्या बर्कनहेडचा. लंडनच्या रँक कंपनीशी करार झाला, कंपनीने तो हॉलिवूडच्या फॉक्सला विकून टाकला. म्हणजे पोरीची चक्क ट्रान्सफर! फॉक्सने एल्व्हिस प्रिस्लेच्या 'फ्लेमिंग स्टार'मध्ये घेतलं खरं, पण शूटिंग सुरू झाल्यावर तिची जागा बार्बरा ईडनने घेतली. 'ब्लॅक संडे' मात्र तोवर थिएटरांत लागला होता. त्यात तिचा डबल रोल होता: चेटकीण आणि सोज्वळ राजकन्या, दोन्ही तीच. ब्रिटिश सेन्सॉरला तो इतका झोंबला की तिच्या मायदेशात तो थेट १९६८मध्ये दाखवला गेला.

पुढची पाच-सहा वर्षं नुसते वाडे, तळघरं, मेणबत्त्या. रिकार्डो फ्रेडा, अंतोनियो मार्घेरिती... सगळ्यांना तीच हवी. पण एक गोष्ट मला खटकते. तेव्हा इटलीत संवाद नंतर डब व्हायचे. सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा. त्यामुळे 'ब्लॅक संडे'च्या इंग्लिश आवृत्तीतसुद्धा या इंग्लिश मुलीच्या तोंडी दुसरीचाच आवाज आहे! रॉजर कॉर्मनच्या अमेरिकन 'द पिट अँड द पेंड्युलम'मध्येही (१९६१) तेच. ज्या बाईचा चेहरा पोस्टरभर, तिला बोलूच द्यायचं नाही, हे काय?

फेलिनीच्या 'एट अँड अ हाफ'मध्ये (१९६३) ती ग्लोरिया झाली. म्हाताऱ्या मित्राला नाचवणारी, जराशी आगाऊ. रोल छोटासाच, पण भुतांशिवायही तिला काय काय जमलं असतं, ते त्यात दिसतं. तसे रोल फार आलेच नाहीत. शवपेट्यांमधून बाहेर पडायचा वैताग आल्याचं तिने स्वतःच सांगितलंय.

मग अमेरिकेत तिने कॅमेऱ्यामागची खुर्ची धरली. 'वॉर अँड रिमेंबरन्स' या भल्यामोठ्या टीव्ही मालिकेची निर्माती म्हणून १९८९मध्ये तिला एमी मिळालं. तेव्हा बाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या.