कचारगडची यात्रा आणि तेथील तरुण सेवक

'मिशनरी' हा शब्द आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. लॅटिन भाषेंतील 'पाठविणें' या अर्थाच्या धातूपासून तो आला असून, कांहीं कार्यासाठीं दूर पाठविलेला मनुष्य असा त्याचा मूळ अर्थ होय. परंतु धर्मसेवेचा आणखी एक प्रकार आहे व त्याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. त्यांत सेवक दूरदेशीं जात नाहीं. तो एका पवित्र स्थळीं उभा राहतो आणि लोकच त्याच्याकडे चालत येतात. अशा ठिकाणीं तरुण सेवकाचा दिवस कसा जातो, आणि त्याच्या कामाचें खरें मोल कशांत आहे, हें आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील एका यात्रेच्या उदाहरणानें समजून घेऊं.

महाराष्ट्र, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमा जेथें जवळ येतात, त्या सालेकसा तालुक्यांत कचारगड आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा हें त्याच्या जवळचें स्थानक, आणि धनेगांव हें पायथ्याचें गांव. तेथून रानांतील वाटेनें चढून गेल्यावर डोंगराच्या पोटांतील विस्तीर्ण नैसर्गिक गुहा लागते. गोंड समाजाचें हें मोठें श्रद्धास्थान होय. माघी पौर्णिमेच्या सुमारास येथें यात्रा भरते, आणि वरील तीन राज्यांखेरीज तेलंगण, ओडिशा इत्यादि प्रांतांतूनही गोंड बांधव येतात.

या गुहेची परंपरागत कथा अशी : कली कंकाली या मातेच्या मुलांना या गुहेंत कोंडून तिच्या तोंडावर प्रचंड शिळा लावण्यांत आली होती. जंगो रायताड या मातेला त्यांची करुणा आली. पहांदी पारी कुपार लिंगो यांच्या मार्गदर्शनानें हिरासुका पाटालीर या वादकानें आपल्या वाद्याच्या नादानें मुलांच्या अंगीं बळ आणलें. शिळा ढळली, मुलें मुक्त झालीं, पण हिरासुका स्वतः त्या शिळेखालीं सांपडून मरण पावला. पुढें लिंगो यांनीं त्या मुलांना शिकवण देऊन समाजाची व कुळांची व्यवस्था लावून दिली. तिलाच 'कोया पुनेम' म्हणतात. दुसऱ्यांस बाहेर काढतांना स्वतः खालीं राहिलेला हा वादक, सेवा म्हणजे काय हें एका चित्रांत दाखवून देतो.

आज दिसणारें यात्रेचें मोठें स्वरूप मात्र फार जुनें नाहीं. इ. स. १९८० नंतरच्या दशकांत समाजांतील मूठभर सुशिक्षित मंडळींनीं या स्थळाकडे लोकांचें लक्ष वेधलें. त्यांत रिझर्व्ह बँकेंत नोकरी करून गोंडी भाषेचा आजन्म अभ्यास करणारे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) आणि 'गोंडवाना दर्शन' मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम हे प्रमुख होत. मूठभरांचा मोठा समुदाय झाला म्हणजे त्याची व्यवस्था पाहणारे हात लागतात. ते हात बहुधा तरुणांचेच असतात.

गोंड समाजांत एकमेकांस भेटतांना 'जय सेवा' म्हणतात. ज्या समाजाच्या नमस्कारांतच सेवेचा जयजयकार आहे, त्याच्या यात्रेंत सेवकास आपलें नांव निराळें सांगण्याचें कारण उरत नाहीं. त्याचा दिवस उजाडण्यापूर्वींच सुरू होतो. माघांतील पहाट डोंगराळ भागांत चांगलीच गार असते. रात्रीं उघड्यावर निजलेल्या म्हाताऱ्यांना व लेंकुरवाळ्यांना सर्वांत आधीं पाणी व शेकोटीची ऊब लागते. पुढें दिवसभर वाट दाखविणें, चुकलेलें मूल आईबापांच्या स्वाधीन करणें, दमलेल्यास सांवलींत बसविणें, भोजनाच्या पंगती सांभाळणें आणि उष्ट्या पत्रावळी गोळा करणें, हीं कामें चालतात. यांतील एकही काम मोठें नाहीं, आणि एकही न केलें तर चालत नाहीं. एकच प्रश्न शंभरदां विचारला जातो. शंभराव्या यात्रेकरूस तेंच उत्तर पहिल्याइतक्या गोडीनें देतां येणें, ही या सेवेंतील अवघड परीक्षा होय.

दुसरें काम गर्दीचें. हें काम वरवर पाहतां रुक्ष वाटतें, पण त्यावर मनुष्यांचे प्राण अवलंबून असतात. ता. २५ जानेवारी २००५ रोजीं सातारा जिल्ह्यांत मांढरदेवी येथें पौष पौर्णिमेच्या यात्रेंत नारळाच्या पाण्यानें निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर लोक घसरले, चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, आणि सुमारें ३०० माणसें प्राणांस मुकलीं. अरुंद वाट, चढण आणि सर्वांनीं एकाच घटकेस पुढें जाण्याची उत्कंठा, एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या कीं संकट दूर नसतें. म्हणून गुहेच्या तोंडाशीं उभा असलेला सेवक "थोडें थांबा, दादा" असें म्हणतो, तेव्हां तो कोणाच्या भक्तीच्या आड येत नसून तिचें रक्षणच करीत असतो. रानाविषयींही तशीच दक्षता हवी. माघ-फाल्गुनांत पानगळीचा पाला वाळून पडलेला असतो. न विझविलेली एक विडी किंवा चूल सारा डोंगर पेटवूं शकते.

तिसरें काम समजावून सांगण्याचें, आणि येथें एक गंभीर प्रश्न उभा राहतो. इ. स. २०११ च्या जनगणनेंत गोंडांची संख्या एक कोटीहून अधिक भरली, पण गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारें ३० लाखच निघाले. ही भाषा द्राविड कुळांतील असून तेलुगूची नातलग आहे. इ. स. १९१८ मध्यें बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनीं तिच्यासाठीं स्वतंत्र लिपि तयार केली. असें असूनही शिकलेला तरुण सेवक मराठी व हिंदी सफाईनें बोलतो, आणि बस्तरकडील एखादी आजी गोंडींत कांहीं विचारूं लागली म्हणजे त्यास दुभाषी शोधावा लागण्याचा प्रसंग येतो. आपल्याच पूर्वजांची कथा आपल्याच आजीस सांगतांना शब्द परके व्हावे, ही खेदाची गोष्ट होय. उलट, अनेक प्रांतांतील वृद्ध जेथें एकत्र येतात ती यात्रा म्हणजे भाषेची चालती शाळाच आहे. जो सेवक तेथें सांगण्यापूर्वीं ऐकतो, तो देण्याहून अधिक घेऊन घरीं परततो.

असा अनुभव सर्वत्रच येतो. शेगांवीं श्रीगजानन महाराजांच्या मंदिरांतील सेवेकरी आल्यागेल्यास 'माउली' म्हणून हांक मारतात. फ्रान्स देशांतील लूर्द येथेंही एक गुहाच आहे, इ. स. १८५८ मधील दर्शनाच्या वार्तेनंतर तेथें रुग्णांची रीघ लागली, आणि त्यांची ने-आण करण्यासाठीं इ. स. १८८५ मध्यें स्वयंसेवकांचें मंडळ निघालें, तें आजही काम करीत आहे. देव, भाषा व देश निरनिराळे. पण पाण्याचा तांब्या पुढें करणारा हात सगळीकडे सारखाच.

विद्यार्थिमित्रांनो, आपला धर्म कोणताही असो, आपणांपैकीं अनेकांस कधीं ना कधीं कचारगडास जाण्याचा योग येईल. तेव्हां गुहा पाहून येणें एवढाच हेतु ठेवूं नका. आपला कचरा आपणच परत आणा, सेवकानें थांबा म्हटलें तर थांबा, दगडांवर नांवें कोरूं नका, आणि तेथील कथा एखाद्या वृद्धाच्या तोंडून ऐका. पालकांसही एक विनंति आहे. मुलानें यात्रेंत चार दिवस सेवा करण्याची इच्छा दर्शविली, तर अभ्यास बुडेल या भीतीनें त्यास एकदम नाहीं म्हणूं नये. अनोळखी माणसाची तहान ओळखणें, गर्दींत डोकें शांत ठेवणें आणि नांवाची अपेक्षा न धरतां काम करणें, हे धडे पुस्तकांत वाचून पुरत नाहींत. ते एकदां तरी उन्हांत उभें राहूनच गिरवावे लागतात.