कॅमेऱ्याचा चष्मा आणि कॅमेऱ्याचा दिवा



आमच्या शाळेच्या शिक्षक-कक्षात भिंतीवर दोन छायाचित्रे टांगलेली आहेत. दोन्ही दहावीच्या निरोप समारंभाची आहेत. दुसऱ्या छायाचित्रात सर्व मुले स्पष्ट दिसतात. पहिल्यात मात्र पुढे बसलेली मुले पांढरीफटक दिसतात, तर मागची रांग अंधारात बुडालेली आहे. चित्राच्या खालच्या बाजूला एक काळी अर्धवर्तुळाकार सावलीही पडलेली आहे.

ते पहिले छायाचित्र मीच काढले होते. चार दिवसांनी मागच्या रांगेतील एक मुलगा त्याची प्रत घ्यायला आला. त्याने चित्र खिडकीजवळ नेले, तिरपे करून पाहिले आणि मग हळूच विचारले, "सर, यात मी कुठे आहे?" मी त्याला कोपऱ्यातली एक काळी आकृती दाखवली. तो काही बोलला नाही. प्रत घेऊन निघून गेला.

त्या दिवशी मला फार वाईट वाटले. कॅमेरा चांगला होता. चूक माझी होती. कॅमेऱ्याला जोडायच्या दोन वस्तू मी नीट समजून न घेता वापरल्या होत्या. त्या दोन वस्तूंची माहिती आज आपण घेऊ. माझ्याकडून झालेली चूक तुमच्याकडून होऊ नये, एवढीच इच्छा.

स्थिर भिंगाचा कॅमेरा

हिंदीत खोलीला 'कमरा' म्हणतात. 'कमरा' आणि 'कॅमेरा' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दापासून आले आहेत. त्या शब्दाचा अर्थ आहे खोली. 'कमरा' हा शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्या देशात आला. कॅमेरा म्हणजेही एक छोटी अंधारी खोलीच असते. इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञांनी अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग केले होते. आजच्या कॅमेऱ्यात त्या छिद्राच्या जागी भिंग असते.

काही कॅमेऱ्यांचे भिंग काढून दुसरे बसवता येते. काहींचे भिंग मात्र कायमचे जोडलेले असते. अशा कॅमेऱ्याला स्थिर भिंगाचा कॅमेरा म्हणतात. तो आकाराने लहान असतो आणि पिशवीत सहज मावतो. १९६६ साली आलेला याशिका इलेक्ट्रो ३५ हा या प्रकारचा फिल्मवर चालणारा कॅमेरा होता. २०११ साली फुजीफिल्म कंपनीचा एक्स १०० हा डिजिटल कॅमेरा बाजारात आला. त्याचे भिंग २३ मिलिमीटर नाभीय अंतराचे आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यातील ३५ मिलिमीटरच्या भिंगाला जेवढे दृश्य दिसते, तेवढेच या भिंगाला दिसते.

आता अडचण पाहा. खोली लहान असेल आणि माणसे जास्त असतील, तर ती सर्व चित्रात मावत नाहीत. एखादी वस्तू दूर असेल, तर ती चित्रात लहान दिसते. भिंग तर बदलता येत नाही. मग काय करायचे?

कॅमेऱ्याचा चष्मा

आपल्याला नीट दिसत नसेल, तर आपण डोळे बदलत नाही. डोळ्यांसमोर चष्मा लावतो. स्थिर भिंगाच्या कॅमेऱ्यालाही असाच चष्मा लावता येतो. मूळ भिंगाच्या पुढे बसवायच्या या जादा भिंगाला कन्व्हर्टर म्हणतात. ते बसवण्यासाठी पुष्कळदा धातूची एक कडी किंवा नळी लागते. तिला अडॅप्टर म्हणतात. अडॅप्टरमध्ये काच नसते. त्याचे काम फक्त जोडण्याचे असते.

कन्व्हर्टर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला दृश्य रुंद करतो. एक्स १०० साठीच्या अशा कन्व्हर्टरवर ०.८ हा अंक असतो. ३५ ला ०.८ ने गुणले, तर उत्तर २८ येते. म्हणजे आता २८ मिलिमीटरच्या भिंगाइतके रुंद दृश्य मिळते. दुसरा कन्व्हर्टर दूरची वस्तू जवळ आणतो. त्याचा अंक १.४ आहे. ३५ गुणिले १.४ म्हणजे ४९. यालाच सर्वसाधारणपणे ५० मिलिमीटर म्हणतात.

हे कसे घडते? गॅलिलिओने १६०९ साली वापरलेली दुर्बीण आठवा. तिच्या पुढच्या टोकाला बहिर्वक्र भिंग होते आणि डोळ्याजवळ अंतर्वक्र भिंग होते. दूरचे जवळ आणणारा कन्व्हर्टर ही तशीच एक लहानशी दुर्बीण आहे. दृश्य रुंद करणारा कन्व्हर्टर म्हणजे उलटी धरलेली दुर्बीण. कोणाकडे दुर्बीण असेल, तर ती उलट्या बाजूने डोळ्याला लावून पाहा. वर्गातला फळा लहान आणि दूर गेलेला दिसेल. पण त्याच्या आजूबाजूचे दृश्यही दिसू लागेल.

तिसरा प्रकार जवळून चित्र घेण्याच्या भिंगाचा. आजोबांचे जुने पत्र, नाणे किंवा फुलातील पराग यांचे चित्र घ्यायला ते उपयोगी पडते. त्यावर चष्म्यासारखाच नंबर असतो. कॅमेरा दूरवरच्या दृश्यासाठी जुळवलेला असेल, तर अधिक २ नंबरच्या भिंगाने ५० सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. अधिक ४ नंबरने २५ सेंटिमीटरवरची दिसते. १०० ला नंबराने भागा. अंतर सेंटिमीटरमध्ये मिळेल.

हा चष्मा लावताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, अडॅप्टरचे आटे कॅमेऱ्याच्या आट्यांशी जुळले पाहिजेत. ते सरळ धरून हलक्या हाताने फिरवावेत. जोर लावला तर आटे झिजतात. दोन, काही छोट्या कॅमेऱ्यांचे भिंग बटण दाबताच पुढे येते. अशा भिंगाच्या टोकाला जड कन्व्हर्टर लावू नये. त्या भाराने आतली मोटर बिघडू शकते. त्यासाठी कॅमेऱ्याच्या अंगालाच बसणारी नळी वापरावी. तीन, दुसऱ्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेला कन्व्हर्टर लावला, तर चित्राचे कोपरे काळे होण्याचा संभव असतो. चार, रुंद दृश्यात कडेची माणसे ताणल्यासारखी दिसतात. म्हणून कोणालाही अगदी कडेला उभे करू नये.

कॅमेऱ्याचा दिवा

फ्लॅश हा क्षणभर चमकणारा दिवा आहे. त्याचा एक नियम प्रत्येकाने पाठ करावा. अंतर दुप्पट झाले, तर प्रकाश निम्मा होत नाही. तो चौथा हिस्सा उरतो. अंतर तिप्पट झाले, तर नववा हिस्सा उरतो. प्रकाश जसजसा पुढे जातो तसतसा तो अधिकाधिक जागेवर पसरतो, म्हणून असे होते. भाकरीवर लावलेले तूप चार भाकऱ्यांना पुरवायचे म्हटले, तर प्रत्येक भाकरीच्या वाट्याला थोडेच येणार!

फ्लॅशची ताकद एका अंकाने सांगतात. त्याला गाइड नंबर म्हणतात. समजा, तो १०० आयएसओला १२ मीटर आहे. या १२ ला अंतराने भागले की भिंगाच्या छिद्राचा अंक मिळतो. ३ मीटरवर उभ्या असलेल्या माणसासाठी १२ भागिले ३ म्हणजे एफ ४. ६ मीटरवर एफ २. आयएसओ ४०० केला, तर १२ चा अंक दुप्पट म्हणजे २४ धरायचा.

स्थिर भिंगाच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत शटर भिंगाच्या आतच असते. त्याची पाती मध्यातून एकदम उघडतात. म्हणून फ्लॅश १/५०० सेकंद इतक्या वेगातही जुळतो. भिंग बदलता येणाऱ्या बऱ्याच मोठ्या कॅमेऱ्यांत पडद्याचे शटर असते. त्यांत ही मर्यादा साधारणपणे १/२०० किंवा १/२५० सेकंद असते. याचा फायदा भर दुपारी होतो. ऊन डोक्यावर असताना टोपीची किंवा ओढणीची सावली चेहऱ्यावर पडते. तेव्हा फ्लॅश वापरला, तर चेहरा उजळतो. मात्र कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर निवडलेले असेल, तर पुष्कळदा फ्लॅश चालत नाही. ते आधी तपासावे.

फ्लॅश वापरताना काळजीही घ्यावी. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांजवळ तो चमकवू नये. जेथे मनाई असेल तेथे, विशेषतः संग्रहालयात, तो वापरू नये. बिघडलेला फ्लॅश स्वतः कधीच उघडू नये. बॅटरी काढल्यानंतरही त्याच्या आत सुमारे ३०० व्होल्टचा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. त्याचा जबर धक्का बसतो.

माझ्या तीन चुका

आता त्या पहिल्या छायाचित्राकडे वळू. समारंभ संध्याकाळी होता. वर्गात बत्तीस मुले चार रांगांत होती. सर्वजण मावावेत म्हणून मी दृश्य रुंद करणारा कन्व्हर्टर लावला आणि जवळ उभा राहिलो. पुढची रांग माझ्यापासून २ मीटरवर होती आणि मागची ४ मीटरवर. अंतर दुप्पट, म्हणून मागच्या मुलांना प्रकाश चौथा हिस्साच मिळाला. ही पहिली चूक.

कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश त्याच्या मूळ भिंगाला दिसेल तेवढ्याच भागावर प्रकाश टाकण्यासाठी बनवलेला होता. कन्व्हर्टरने दृश्य रुंद केले. दिव्याचा झोत रुंद केला नाही. त्यामुळे कोपऱ्यांत प्रकाश नीट पोहोचलाच नाही. तो मुलगा नेमका मागच्या रांगेच्या कोपऱ्यात उभा होता. ही दुसरी चूक.

फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ होता आणि कन्व्हर्टर जाड होता. तो दिव्याच्या आड आला. त्याचीच ती अर्धवर्तुळाकार सावली. ही तिसरी चूक.

शिवाय मी घाईत होतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चित्र ठीक वाटले आणि मी मुलांना जायला सांगितले. नंतर संगणकावर चित्र उजळ करून पाहिले. चेहऱ्यांच्या जागी फक्त रंगीत दाणे दिसू लागले. जो प्रकाश कॅमेऱ्यात गेलाच नाही, तो नंतर कोठून आणणार?

दुसरे छायाचित्र

पुढच्या वर्षी आम्ही तयारी केली. बाके हलवून मोठ्या सभागृहात जागा केली. कन्व्हर्टर काढून ठेवला. मी मागे सरकलो. आता पुढची रांग ५ मीटरवर आणि मागची ७ मीटरवर आली. रांगांमधले अंतर तेच, २ मीटर. पण मागच्या रांगेला पुढच्या रांगेच्या निम्म्याहून थोडा अधिक प्रकाश मिळू लागला. गणित करून पाहा: ५ गुणिले ५ म्हणजे २५, आणि ७ गुणिले ७ म्हणजे ४९.

मग कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत वेगळा फ्लॅश बसवला आणि त्याचे तोंड पांढऱ्या छताकडे केले. प्रकाश छतावर आपटून सर्वांवर सारखा पसरला. चष्मा लावलेल्या मुलांच्या काचा चमकल्या नाहीत, कारण प्रकाश समोरून येत नव्हता. छत रंगीत असते, तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरला असता. म्हणून छत पांढरे आहे ना, हे आधी पाहून ठेवले होते.

चित्र घेतल्यावर ते पडद्यावर मोठे करून एकेक चेहरा मोजला. मोजणी मागच्या रांगेपासून सुरू केली. संख्या बरोबर आली, तेव्हाच मुलांना सोडले.

मित्रांनो, पहिले छायाचित्र मी भिंतीवरून काढलेले नाही. त्या वर्षीच्या हजेरीपटावरून मी त्याखाली बत्तीस नावे रांगेप्रमाणे लिहून लावली आहेत. एके दिवशी तो मुलगा शाळेत आला होता. आता तो नोकरी करतो. त्याने स्वतःचे नाव वाचले, त्यावर बोट ठेवले आणि हसला. चेहरा मात्र मी त्याला परत देऊ शकलो नाही.

तुमच्या हातात कॅमेरा असो वा मोबाइल, बटण दाबण्यापूर्वी मागच्या रांगेकडे एकदा पाहा. तेथेही कोणीतरी नीट केस विंचरून, नवा सदरा घालून उभा असतो.

शब्दार्थ

नाभीय अंतर – भिंगाच्या मध्यापासून नाभीपर्यंतचे अंतर
आटे – स्क्रूप्रमाणे फिरवून बसवण्याच्या खाचा
झोत – एका दिशेने जाणारा प्रकाश
खाच – अरुंद खोलगट जागा
हजेरीपट – विद्यार्थ्यांची उपस्थिती नोंदवण्याची वही

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्थिर भिंगाचा कॅमेरा कशाला म्हणतात?
(आ) अडॅप्टरचे काम कोणते?
(इ) पहिल्या छायाचित्रात काळी सावली कशामुळे पडली?

२. कारणे लिहा.
(अ) बिघडलेला फ्लॅश स्वतः उघडू नये.
(आ) लेखकाने फ्लॅशचे तोंड छताकडे केले.

३. लेखकाने पहिले छायाचित्र भिंतीवरून का काढले नसावे? चार-पाच वाक्यांत लिहा.

४. उपक्रम : अंधाऱ्या खोलीत टॉर्च भिंतीपासून १ मीटरवर धरा. मग २ मीटरवर धरा. भिंतीवरील उजेडाचे वर्तुळ किती मोठे होते आणि किती फिके पडते, ते पाहून वहीत लिहा.