टीम पाहिजे, पैसे नाहीत: बिनपगारी गेम टीमचा अभ्यास कसा करायचा

“गेम बनवतोय. प्रोग्रॅमर, टू-डी आर्टिस्ट आणि म्युझिकवाला पाहिजे. सध्या पैसे नाहीत, पण गेम चालला तर सगळ्यांना हिस्सा.” जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंग, बीसीए किंवा ॲनिमेशनच्या ग्रुपवर तुम्ही असाल, तर या छापाचा मेसेज तुम्ही पाहिला असेल. कदाचित “इंटरेस्टेड” म्हणून उत्तरही दिलं असेल.

‘पेट’ची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी मला विचारलं, की यात पीएचडीचा विषय आहे का? आहे, आणि चांगला आहे. फक्त बहुतेक जण प्रश्न चुकीच्या टोकाने धरतात. “लोक फुकट काम करायला का येत नाहीत?” असं विचारतात. लोक येतात. पहिल्या आठवड्यात भरपूर येतात. खरा प्रश्न असा, की ते जातात केव्हा आणि जाताना त्यांच्या हातात काय असतं?

सिद्धांताची बाजू आधी थोडक्यात बघू. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलं, की फायदा सगळ्यांचा सामाईक असेल तर प्रत्येकाला वाटतं, काम दुसऱ्याने करावं. म्हणून काम करणाऱ्याला स्वतंत्रपणे काहीतरी मिळावं लागतं. “गेम चालला तर हिस्सा” हे ते ‘काहीतरी’ नव्हे. अजून नसलेल्या गेमच्या अजून नसलेल्या नफ्याचा तो हिस्सा आहे. त्यावर कोणी तीन महिने रात्री जागत नाही.

मग कशावर जागतं? १९९८ मध्ये क्लॅरी, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या प्रेरणांची एक प्रश्नावली मांडली. त्यात सहा कप्पे आहेत: मूल्यं, शिकणं, माणसांची संगत, करिअर, मनाचा भार हलका होणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. सहा कप्पे पाठ करून उपयोग नाही. लक्षात ठेवायचा तो निष्कर्ष: माणूस ज्या कारणासाठी आला ते कारण कामातून पुरं झालं, तर तो जास्त समाधानी असतो. म्हणजे एकाच टीममधल्या चौघांना चार वेगळ्या गोष्टी द्याव्या लागतात.

याचं आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं उदाहरण गेमचं नाही, सिनेमाचं आहे. धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरावर मालेगाव. कागदोपत्री नाशिक जिल्हा, पण गिरणा नदी तिथून पुढे आपल्या जळगाव जिल्ह्यातच येते. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. पैसा जेमतेम, कलाकार गावातलेच, त्यात यंत्रमागावर काम करणारेही. त्यांच्या पुढच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ची निर्मिती फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपली आहे, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरला लागला. तुम्ही कदाचित तोच पाहिला असेल. अभ्यासासाठी मात्र माहितीपट बघा. टीम कशी चालते ते त्यात दिसतं.

त्यातली माणसं सहा कप्प्यांच्या नजरेने बघा. नासिर यांना सिनेमा बनवायचा आहे, मुंबईला जायची त्यांना घाई नाही. लेखक फरोग जाफरी यांचं मन मुंबईत अडकलेलं. सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमाग कामगार, त्याला पडद्यावर दिसायचंय. म्हणजे एकच सिनेमा प्रत्येकासाठी वेगळा. यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे माणसं मोकळी कधी हे ठरलेलं. शूटिंगच्या मध्येच शफीकचं लग्न होतं, काम थांबतं, मग पुन्हा सुरू होतं. बिनपगारी टीममध्ये घरचं कार्य आधी, आणि ते सगळ्यांना मान्य असतं.

हे मॉडेल जसंच्या तसं गेमला लावता येईल का? मला नाही वाटत. सिनेमात आज शूट केलेला प्रसंग आजच कॅमेऱ्यात दिसतो, आणि दिसतो तो स्वतःचा चेहरा. गेममध्ये मधले कित्येक महिने दाखवण्यासारखं काही नसतं. पात्र भिंतीतून आरपार जातंय हा बग काढायला रविवार गेला, तर घरी काय सांगणार? ‘दिसणं’ हे बक्षीस गेममध्ये फार उशिरा मिळतं.

म्हणून ज्या स्वयंसेवी गेम टिकल्या त्यांची सुरुवात कुठून झाली ते बघण्यासारखं आहे. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ची पहिली चालणारी आवृत्ती डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये बाहेर काढली. साधी, ओबडधोबड, पण खेळता येणारी. चित्रकार, संगीतकार, अनुवादक नंतर जमत गेले. एरिक रेमंड यांनी मुक्त सॉफ्टवेअरबद्दल आधीच लिहिलं होतं, की नुसत्या कल्पनेभोवती माणसं जमत नाहीत, आधी काहीतरी चालवून दाखवावं लागतं. उलट ‘झिरो ए.डी.’ ही २००१ मध्ये कल्पनेपासून सुरू झाली, आणि २००९ मध्ये तिचा कोड जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुला केला गेला. ‘ब्लॅक मेसा’ २००५ ला सुरू होऊन पूर्ण रूपात आली २०२० मध्ये. पंधरा वर्षं! आपल्याकडे तेवढ्यात मुलगा बारावीतून निघून, नोकरीला लागून, लग्न होऊन दोन पोरांचा बाप होतो. तरीही ती गेम पुरी झाली, म्हणजे माणसं जात-येत असताना काम चालू राहील अशी काहीतरी व्यवस्था होती.

ती व्यवस्था म्हणजे कामाचा तुकडा केवढा, हे ठरवणं. फ्रेड ब्रुक्स यांचा १९७५ मधला मुद्दा संगणकवाल्यांना माहीत असतो: रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या १०, दहा जणांत ४५. पगारी ठिकाणी निदान सगळे एका वेळेला हजर असतात. इथे एकाची परीक्षा, दुसऱ्याची कापूस वेचणी, तिसरा पुण्याला इंटर्नशिपला. त्यामुळे दुसऱ्या कोणाची वाट न बघता पुरा होईल एवढाच तुकडा हवा.

समजा, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत घडणारी गेम आहे आणि पात्रं अहिराणी बोलतात. “आवाजासाठी कलाकार पाहिजे” हे आवाहन मोघम आहे. “आजीची वीस वाक्यं, एका संध्याकाळचं काम, मोबाइलवर रेकॉर्ड करून चालेल, गेममध्ये नाव येईल” यात काम केवढं, केव्हा संपणार आणि काय मिळणार हे तिन्ही आहे. कानबाईला कोणी भरतीची जाहिरात काढतं का? रोटांचं दळण कोणाचं, आरास कोणाची, रविवारी काय आणि सोमवारी विसर्जनाला काय, हे माहीत असतं. सुरतेहून सुट्टीला आलेला माणूससुद्धा सरळ कामाला लागतो.

आता विद्यार्थ्यांना बहुतेक कोणी सांगत नाही तो भाग. कॉपीराइट कायदा, १९५७. कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक म्हणजे ती करणारा. नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं, पण तुम्ही नोकरीत नाही, पैसेही घेतलेले नाहीत. म्हणजे तुम्ही केलेलं संगीत तुमचं. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. स्टीमवर जगभर विकायच्या गेमचं संगीत फक्त भारतापुरतं दिलेलं असेल तर काय होईल, विचार करा. आणि कलम ५७ मुळे हक्क दिल्यावरही ‘हे मी केलं’ असं म्हणायचा अधिकार शाबूत राहतो. म्हणजे ग्रुपवरच्या “ओके भाऊ”वर उभी असलेली टीम दोन्हीकडून कच्ची. गेमवाल्याकडे विकायचा हक्क नाही, आणि सोडून गेलेल्या पोराकडे काम आपलं असल्याचा कागद नाही. सामील होण्याआधी एक पान लिहून घ्या: काय दिलं, कशासाठी दिलं, नाव कुठे येणार, मध्येच गेलो तर काय.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ इथे हमखास आठवते. २०१७ मध्ये त्यांची किकस्टार्टर मोहीम पैसे जमवू शकली नाही, तरी गेम २०२० मध्ये आली. पण तो स्टुडिओ होता. त्याचे निष्कर्ष बिनपगारी टीमला लावू नका. सिनॉप्सिसमध्ये ही गल्लत केलीत तर आरआरसीसमोर पहिला प्रश्न हाच येईल.

आता अभ्यासाची रचना. लखानी आणि वुल्फ यांचा २००५ मधला अभ्यास यात वाचावाच लागतो: २८७ मुक्त प्रकल्पांतले ६८४ प्रोग्रॅमर. काम करताना आपण किती सर्जनशील आहोत असं वाटतं, ही त्यांना सगळ्यात जोरदार प्रेरणा दिसली. पण त्याच नमुन्यातल्या सुमारे ४० टक्क्यांना त्या कामाचे पैसे मिळत होते! आणि नमुना प्रकल्पाच्या यादीत नाव असलेल्यांचा. दुसऱ्या दिवशी गायब झालेला त्यात येतच नाही. मॉकस आणि सहकाऱ्यांना २००२ मध्ये अपाची सर्व्हरबाबत दिसलं, की कोड देणारे सुमारे ४०० असले तरी ८० टक्क्यांहून जास्त बदल वरच्या १५ जणांचे. “टीममध्ये ४० जण आहेत” हा आकडा ऐकला की हे आठवा.

म्हणून “किती जण आले” हे मोजू नका. आल्यापासून पहिलं पुरं काम जमा व्हायला किती दिवस लागले, आणि शेवटचं काम कोणत्या तारखेचं, हे दोन आकडे घ्या. प्रोग्रॅमरचे ते गिटच्या नोंदीत सापडतात. चित्रवाल्याचे आणि संगीतवाल्याचे सापडत नाहीत. त्यांच्या फाइल दुसराच कोणीतरी अपलोड करतो आणि नोंद त्याच्या नावावर पडते. नुसत्या गिटवर प्रबंध उभा केलात तर अर्धी टीम, आणि बहुतेक वेळा आधी सोडून गेलेली अर्धी, तुमच्या तक्त्यातून गळते. त्यांच्यासाठी जुने मेसेज मागावे लागतील, संमतीपत्र घ्यावं लागेल, आणि एकेकाला फोन करून विचारावं लागेल, की शेवटची फाइल कधी पाठवली होती.