विमान नरोलीहून किती लांब?

दादरा-नगर हवेलीत प्रवासी विमानतळ नाही. नरोलीहून दमणची धावपट्टी सरळ रेषेत जेमतेम २० किलोमीटर, पण ती तटरक्षक दलाची. सुरत शंभराच्या आत, मुंबई सुमारे १३०. लांबच्या परदेशी उड्डाणांसाठी शेवटी मुंबईच गाठावी लागते, आणि महामार्गावरचा घोडबंदरचा खोळंबा कुठल्याच सरळ रेषेत मावत नाही.

जवळ असणं आणि पोहोचता येणं यांतला फरक या गावाने १९५४ मध्येच पाहिला आहे. २८ जुलैला आझाद गोमंतक दलाने नरोली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त केली, तेव्हा पोर्तुगीज फौज दमणमध्येच होती. मधली जमीन भारताची. वाट मिळाली नाही. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला. १९६० च्या निकालाने सैन्य नेण्याचा हक्क नाकारला.

आकाशातही असंच. मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण ११४० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने दीड तासही लागू नये. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ असतो. कारण हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा. धावपट्टीसाठीची रांग, चढताना-उतरतानाचा कमी वेग, गर्दीत हवेत मारलेल्या घिरट्या, सगळं त्यातच.

मुंबई-लंडनचं कोडं निराळं. जाता-येता अंतर तेच, सुमारे ७२०० किलोमीटर, तरी परतीचं विमान बहुधा लवकर पोहोचतं. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे येताना पाठीशी असतात, जाताना समोर. वेळ फक्त वाऱ्यावरच ठरत नाही. २०१९ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, तेव्हा फेब्रुवारी ते जुलै अनेक विमानांना वळसा घालावा लागला. वेळ वाढला, इंधनाचा खर्चही.